फ्लो सायटोमेट्री : पांढऱ्या पेशींची ओळख

फ्लो सायटोमेट्री : रंग जोडलेल्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशींचे प्रकार ओळखण्याची व मोजण्याची पद्धत. सूक्ष्मदर्शकाखाली टी-पेशी आणि बी-पेशी सारख्याच दिसतात. फरक असतो तो पृष्ठभागावरच्या प्रथिनांत. एकेका प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तो फरक उघड करते.

जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतले थेंबभर रक्त प्रतिपिंडांच्या मिश्रणात घालून पंधरा-वीस मिनिटे अंधारात ठेवतात, कारण उजेडाने रंगांची चमक उतरते. मग अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने तांबड्या पेशी फोडतात. उरलेल्या पांढऱ्या पेशी बारीक धारेतून एकामागोमाग एक, सेकंदाला हजारोंच्या वेगाने, लेसरसमोरून जातात. सरळ पुढे विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीच्या आकारमानाचा अंदाज येतो, बाजूला विखुरलेल्यावरून आतल्या कणीदारपणाचा. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेसरखाली एफआयटीसी हा रंग हिरवा चमकतो, तर फायकोएरिथ्रिन पिवळट नारिंगी. हिरव्याचा काही प्रकाश नारिंगीच्या मापात शिरतो. एकेकच रंग घातलेल्या नळ्या तपासून तो वजा करावा लागतो.

पेशींच्या पृष्ठभागावरच्या या प्रथिनांना सीडी क्रमांक असतात. क्रमांकांची ही पद्धत १९८२ साली पॅरिसच्या परिषदेत ठरली. सीडी४५ सर्वच पांढऱ्या पेशींवर, सीडी३ टी-पेशींवर, सीडी१९ बी-पेशींवर आणि सीडी१४ मुख्यतः मोनोसाइटवर असते.

एकाच खुणेवर मात्र विसंबता येत नाही. सीडी४ मदतनीस टी-पेशींवर ठळक असते, पण मोनोसाइटवरही फिकट आढळते. म्हणून एचआयव्हीबाधितांच्या सीडी४ तपासणीत मोनोसाइट वगळावे लागतात आणि सहसा सीडी३ व सीडी४ ही दोन्ही असलेल्या पेशीच धरतात. ही संख्या मायक्रोलिटरमागे २००च्या खाली गेली की आजार गंभीर टप्प्यावर पोचल्याचे मानतात.

स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झनबर्ग यांच्या गटाने चमकणाऱ्या पेशी वेगळ्या काढणारे यंत्र घडवले. केंब्रिजमध्ये १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करण्याची रीत शोधली आणि एकसारखी, नेमकी प्रतिपिंडे हवी तेवढी मिळू लागली. १९८४च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता.

रक्ताच्या कर्करोगात खुणांची जुळणीच बदललेली दिसते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात सीडी१९ असलेल्या बी-पेशींवर, एरवी टी-पेशींवर आढळणारे सीडी५ दिसते. सोबत सीडी२३ही असते. उपचारांनंतर १०,००० पेशींत उरलेली एखादी कर्करोगपेशीही अशाच जुळणीवरून हुडकतात आणि पुढचे उपचार किती तीव्र ठेवायचे, हे ठरवताना तो निकाल विचारात घेतात.