तळे, तार आणि दीडशे जीव : ‘पोकेमॉन’च्या जन्माचा इतिहास

१/
२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या खेळाच्या लाल आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या विक्रीस आल्या. ज्या ‘गेम बॉय’साठी त्या तयार केल्या होत्या, ते यंत्र तेव्हा सात वर्षांचे, म्हणजे या धंद्याच्या हिशेबाने म्हातारे झाले होते. बाजाराचे डोळे प्लेस्टेशनसारख्या नव्या यंत्रांकडे लागले होते. अशा वेळी चार करड्या छटांच्या पडद्यावरचा हा खेळ कोठून आला आणि तो टिकला कशामुळे, याचा शोध घेणारा हा धागा.

२/
या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. त्यांचे बालपण तोक्योच्या पश्चिमेकडील माचिदा या उपनगरात गेले. त्या काळी तेथे भातखाचरे, ओढे, तळी आणि झाडी शिल्लक होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाळे घेऊन भुंगेरे पकडणे हा जपानी मुलांचा जुना छंद. ताजिरींना तो इतका जडला, की सोबती त्यांना ‘किड्यांचा डॉक्टर’ म्हणत.

३/
१९९९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी आपली युक्ती सांगितली आहे. इतर मुले झाडाच्या सालीला मध लावून भुंगेऱ्यांची वाट पाहत. भुंगेरे दिवसा दगडाखाली झोपतात हे ताजिरींनी हेरले होते. ते झाडाखाली दगड ठेवत आणि सकाळी तो उचलून पाहत. जीव पकडायचा तर आधी त्याची सवय ओळखावी लागते, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालेले नव्हते.

४/
पुढे तोक्यो पसरत गेले. खाचरांवर घरे आणि रस्ते आले, किडे दिसेनासे झाले. ज्या तळ्यावर मासे धरायचे, त्याच्या जागी व्हिडिओ गेमचे केंद्र उभे राहिले, असे ताजिरींनीच सांगितले आहे. १९७८ मध्ये आलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने जपानी तरुणांना वेड लावले, आणि तळे हरवलेला हा मुलगाही त्या केंद्रांतच रमला. ज्या बदलाने त्याचा एक छंद हिरावून घेतला, त्यानेच त्याला आयुष्यभराचा व्यवसाय दिला.

५/
१९८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतबाहेर, ताजिरींनी ‘गेम फ्रीक’ नावाचे नियतकालिक काढले. हाताने लिहायचे, छायाप्रती काढायच्या, पिना मारून विकायचे, असा तो खटाटोप. खेळांतली गुपिते आणि ते जिंकण्याच्या क्लृप्त्या हा त्याचा मजकूर. तो वाचून केन सुगिमोरी हा चित्रकार त्यांना येऊन मिळाला. पुढे पोकेमॉनच्या जगाला रूप दिले ते त्यानेच.

६/
इतरांच्या खेळांवर लिहिता लिहिता स्वतःचा खेळ करावा, ही ओढ स्वाभाविक होती. १९८९ मध्ये नियतकालिकाची कंपनी झाली, नाव तेच राहिले. त्याच वर्षी ‘क्विन्टी’ हा त्यांचा पहिला खेळ नामको कंपनीने प्रकाशित केला. या खेळाला आणि पुढे ‘पॉकेट मॉन्स्टर्स’लाही संगीत देणारे जुन्इची मासुदा हेही याच मंडळीतले.

७/
आणि १९८९ मध्येच निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ आला. त्याचे शिल्पकार गुनपेई योकोई यांचे सूत्र असे, की स्वस्त आणि चांगले मुरलेले तंत्र घ्यावे व त्याचा अनपेक्षित उपयोग शोधावा. म्हणून पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा, रंगांविना. या यंत्राच्या कडेला एक खाच होती. तीत तार जोडली की दोन यंत्रे एकमेकांशी बोलू शकत. ‘टेट्रिस’मध्ये दोन मुले या तारेच्या आधारे एकमेकांना हरवत असत.

८/
ताजिरींनी त्या तारेकडे वेगळ्या नजरेने पाहिले. तिच्यावरून एखादा किडा सरपटत पलीकडे जातो आहे, असे दृश्य त्यांना सुचले. जोडीला आणखी एक आठवण सांगितली जाते. ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ या खेळात सुगिमोरींना एक दुर्मीळ टोपी दोनदा मिळाली, ताजिरींना एकदाही नाही, आणि जादा असलेली टोपी मित्राला देण्याची सोय खेळात नव्हती. तार स्पर्धेसाठी होती. ती देवाणघेवाणीसाठी वापरावी, हा विचार या खेळाचे बीज ठरला.

९/
१९९० मध्ये निन्टेन्डोपुढे प्रस्ताव गेला तो ‘कॅप्सूल मॉन्स्टर्स’ या नावाने. नाणे टाकले की प्लास्टिकच्या गोळ्यातून खेळणे देणारी यंत्रे आणि दूरचित्रवाणीच्या ‘अल्ट्रासेव्हन’ मालिकेतील कुपीबंद राक्षस, या दोन्हींशी जपानी मुले परिचित होती. जीव चेंडूत बंद करून खिशात बाळगायचा, ही कल्पना त्यामुळे परकी वाटणार नव्हती. नाव पुढे बदलले, चेंडू राहिला.

१०/
मग सहा वर्षे गेली. मधल्या काळात ‘मारिओ अँड वारिओ’सारखे इतर खेळ करून कंपनीने तग धरला. पैसे इतके आटले की पाच जण सोडून गेले. ताजिरी स्वतः वेतन घेत नव्हते, वडिलांच्या आधारावर त्यांची गुजराण चालली होती. त्सुनेकाझु इशिहारा यांच्या ‘क्रीचर्स’ या कंपनीने साहाय्य केले, तेव्हा काम तडीस गेले. पोकेमॉनची कथा एका प्रतिभावंताची म्हणून सांगितली जाते. पण पिकाचूचे मूळ चित्र अत्सुको निशिदा यांचे आहे, आणि ज्यांनी अर्ध्यावर काम सोडले त्यांची नावे सहसा कोणी घेत नाही.

११/
खेळाचे खरे मर्म त्याच्या मुद्दाम राखलेल्या अपुरेपणात आहे. शिगेरू मियामोतो यांच्याशी झालेल्या चर्चेतून दोन आवृत्त्यांची कल्पना पक्की झाली. काही जीव फक्त लाल आवृत्तीत मिळत, काही फक्त हिरवीत. आरंभी तीनपैकी एकच जीव निवडता येई. काहींचे अंतिम रूप दुसऱ्याच्या यंत्रात गेल्याशिवाय प्रकट होत नसे. सगळे जमवायचे तर एकट्याचे कौशल्य पुरे पडत नसे, समोर दुसरे मूल लागे.

१२/
तांत्रिकदृष्ट्या तारेवरून कोणताही जीव प्रवास करीत नाही. हातातील एका पोकेमॉनची मूळ नोंद अवघी ४४ बाइटची. तिची नक्कल पलीकडे जाते आणि अलीकडची नोंद पुसली जाते. ही पुसण्याची क्रिया नसती, तर ती केवळ प्रत काढणे ठरली असती. काहीतरी गमवावे लागते म्हणूनच ते देणे ठरते. नोंदीत मूळ मालकाचे नाव आणि क्रमांकही असे, त्यामुळे परक्या यंत्रातही जीव आपले मूळ घर विसरत नसे. नेमक्या क्षणी यंत्र बंद केले तर एकाचे दोन जीव होतात, हा शोध मुलांनी पुढे लावलाच!

१३/
अधिकृत जीव १५०. काम संपताना चुका शोधण्याची साधने काढून टाकली, तेव्हा कार्ट्रिजमध्ये सुमारे ३०० बाइट जागा उरली. शिगेकी मोरिमोतो यांनी तेथे ‘म्यू’ नावाचा १५१ वा जीव गुपचूप बसवला. सांकेतिक दोषांमुळे तो काही मुलांना दिसला आणि अफवा पसरली. एप्रिल १९९६ मध्ये ‘कोरोकोरो कॉमिक’ या मासिकाने वीस वाचकांना म्यू देण्याचे जाहीर केले. अर्ज आले ७८,००० च्या घरात.

१४/
आरंभीची मंद विक्री महिन्यामहिन्याने वाढत गेली. जाहिरातीपेक्षा शाळेतल्या गप्पांनी ती वाढवली. लाल, हिरवी आणि नंतरची निळी मिळून एकट्या जपानात एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. योकोई मात्र १९९६ मध्येच निन्टेन्डोतून बाहेर पडले आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्ता अपघातात गेले.

१५/
एप्रिल १९९७ पासून दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली. १६ डिसेंबर १९९७ च्या भागातील लाल-निळ्या प्रकाशाच्या झगझगाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली. महाराष्ट्रातील मुलांना पोकेमॉन भेटला तो याच मालिकेच्या हिंदी अवतारातून आणि वेफर्सच्या पुड्यांतील टॅझोंमधून. ‘गेम बॉय’ फार थोड्या घरांत होता. आपल्याकडे ॲश म्हणून ठाऊक असलेल्या मुलाचे मूळ जपानी नाव सातोशी, म्हणजे ताजिरींचेच.

१६/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक सावधगिरी बाळगावी लागते. किडे, तळे, तार या आठवणी यश मिळाल्यानंतर सांगितल्या गेल्या आहेत, आणि यशस्वी माणसाची स्मृती भूतकाळ नीटनेटका लावते. म्हणून साक्ष घ्यावी ती खेळाची. त्यातील पहिल्या अरण्यात वाट अडवतात ती जाळी घेतलेली, किडे पकडणारी मुले. तामामुशी या नगराला सोनपाखरासारख्या एका झळाळत्या भुंगेऱ्याचे नाव आहे. त्या नगरात खेळांचे केंद्र आहे आणि तळेही आहे. माचिदात एकाने दुसऱ्याची जागा घेतली होती. येथे दोन्ही शेजारी नांदतात.

१७/
२००४ मध्ये तारेची जागा बिनतारी जोडणीने घेतली. २००६ मध्ये ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ आवृत्त्यांनी इंटरनेटवरून जगातील कोणाशीही अदलाबदल शक्य केली. देवाणघेवाण वाढली, पण समोरचे मूल दिसेनासे झाले. गुडघ्याला गुडघा लावून, तारेच्या लांबीइतक्याच अंतरावर दोघांनी बसणे ही सक्ती सुमारे दहा वर्षे टिकली. तळे गेल्यावर ताजिरींनी मुलांना एकत्र येण्यासाठी जे निमित्त दिले होते, तेही सोयीपुढे असेच हळूहळू मागे पडले.

#इतिहास #धागा