तालाला सातबारा नसतो

मिरवणुकीत डीजेच्या भिंतीतून 'नाशिक ढोल' वाजला की आम्हा नाशिककरांची कॉलर टाइट! पण तो ढोल वाजवला कोणी? रिमिक्सच्या नावात गाव असतं, वादक बहुतेक वेळा नसतोच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडने 'आमेन, ब्रदर' रेकॉर्ड केलं. त्यात मधेच सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन सुमारे सात सेकंद एकटा वाजवतो. पुढे सॅम्पलर मशीन आली, आणि नव्वदच्या दशकात 'जंगल' नावाचा अख्खा संगीतप्रकार या सात सेकंदांवर उभा राहिला. म्हणजे चक्क कॉपी-पेस्ट! कोलमनला रॉयल्टीचा छदामही मिळाला नाही. २००६ मध्ये तो गेला.

आपल्याकडे २००२ च्या 'कांटा लगा'नंतर रिमिक्सची लाटच आली. कायदा त्याआधीच थोडा जागा झाला होता. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने वादकालाही हक्क दिला, २०१२ च्या दुरुस्तीने नाव लावून घेण्याचासुद्धा. पण हक्क मागायला आधी कोणी वाजवलं याची नोंद तर हवी! टिपरू कोणाच्या हातात होतं हेच कुठे लिहिलेलं नसेल, तर कायदा काय करणार?

आम्ही ओपन सोर्स कोड वापरतो तेव्हा मूळ लेखकाचं नाव फाइलीत तसंच ठेवतो. लायसन्सची अटच असते तशी. ढोलाच्या लूपखालीही तेवढी एक ओळ पुरे. गावाचं नाव झालंच आहे, आता वादकाचं होऊ दे.