तोस्कानातील ओसाड घरे आणि त्यांचे नवे धनी

परदेशातील एखाद्या खेड्यात घर विकत घ्यावे आणि उरलेले आयुष्य द्राक्षमळ्यांच्या सान्निध्यात शांतपणे घालवावे, हे स्वप्न गेल्या साठ वर्षांत युरोप-अमेरिकेतील हजारो कुटुंबांनी पाहिले. त्यांपैकी पुष्कळांची पावले इटलीच्या तोस्काना प्रांताकडे वळली. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेकडील कियांतीच्या टेकड्यांवर इंग्रजांनी इतकी घरे घेतली, की त्या भागाला थट्टेने ‘कियांतीशायर’ हे इंग्रजी धाटणीचे नाव मिळाले. टेकडीवरचे एकटे दगडी घर आणि सुरूच्या झाडांची रांग हे चित्र वाचकांनीही दिनदर्शिकांवर पाहिले असेल. ही घरे रिकामी कशी पडली, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आम्हांला हा प्रश्न घरांच्या किमतीहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

तोस्कानाची शेती तेराव्या शतकापासून ‘मेझ्झाद्रिया’ नावाच्या पद्धतीने चालत आली. आपल्याकडील अर्धेलीशी तिचे बरेच साम्य आहे. जमीन आणि घर मालकाचे, श्रम कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. करार एका माणसाशी नव्हे, तर साऱ्या कुटुंबाशी होई, आणि करार संपला की कुटुंबाला जमिनीबरोबर घरही सोडावे लागे. मुलाचे लग्न ठरविण्यासही पुष्कळदा मालकाची संमती लागे. सणावाराला कोंबड्या नि अंडी वाड्यावर पोचती करावी लागत, ती वेगळीच. अठराव्या शतकात ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो ह्याच्या कारकीर्दीत (१७६५–१७९०) कुळांसाठी चांगली घरे बांधण्याची चळवळ सुरू झाली. फेर्दिनांदो मोरोत्सी ह्याने १७७० साली शेतकऱ्यांच्या घरांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. खाली बैलांचा गोठा, त्याच्या उबेवर वरच्या मजल्यावर राहणारे कुटुंब, बाहेरून चढणारा जिना, माथ्यावर कबुतरखाना आणि अंगणात पावाची भट्टी, अशी ह्या घरांची ठेवण. आज जाहिरातींत जिला ‘अस्सल तोस्कानी वास्तू’ म्हणतात, ती ही कुळांची घरे. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांच्या मालकीची ती कधीच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था झपाट्याने कोसळली. प्रातोच्या कापड गिरण्या आणि पोज्जीबोन्सीचे लाकूडसामानाचे कारखाने माणसे मागत होते. शेतकऱ्याच्या घरात सून म्हणून जाण्यास मुली नकार देऊ लागल्या. १९६४ साली कायद्याने नव्या मेझ्झाद्रिया करारांवर बंदी आली आणि जुन्या करारांत कुळाचा वाटा ५८ टक्के झाला. परंतु तोवर बैलांचे गोठे रिते होऊ लागले होते. आपल्याकडे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला मालक मानले आणि आपला शेतकरी जमिनीला चिकटून राहिला. तिकडे कायदा पोचेपर्यंत कसणारा निघून गेला होता. त्याच्या मागे उरलेल्या भिंती परदेशी माणसाने अल्प किमतीत घेतल्या आणि गोठ्याची बैठकीची खोली केली.

ह्या लोंढ्याच्या कितीतरी आधी आलेल्या एका स्त्रीची हकिकत येथे सांगितली पाहिजे. आयरिस ओरिगो ह्यांचे वडील अमेरिकन, आई अँग्लो-आयरिश. १९२४ साली त्यांचा विवाह आंतोनिओ ओरिगो ह्यांच्याशी झाला. त्याच सुमारास ह्या दांपत्याने दक्षिण तोस्कानातील ओर्चा नदीच्या खोऱ्यात ‘ला फोचे’ ही मोठी, पण उजाड जमीनदारी विकत घेतली. माती राखाडी आणि चिकण, पाण्याचे दुर्भिक्ष, रस्ते नाहीत. दोघांनी सरकारी अनुदानाच्या मदतीने धूप थांबविली, रस्ते काढले, कुळांची घरे बांधली, शाळा व दवाखाना उघडला. पुढे ह्या जमीनदारीत ५७ शेतवाड्या झाल्या. १९३३ मध्ये त्यांचा सात वर्षांचा एकुलता मुलगा जानी मेंदूज्वराने दगावला. त्याच्यासाठी तेथेच लहानसे प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी झाली. तरीही त्या मालकीणच होत्या, शेजारीण नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. आणि हे सारे कार्य मुसोलिनीच्या राजवटीच्या छत्राखाली झाले.

कसोटी आली ती १९४३-४४ साली. बाँबहल्ल्यांतून वाचलेली तूरीन व जेनोआची लहान मुले ओरिगो दांपत्याने घरी आणली. छावण्यांतून निसटलेले दोस्त सैनिक रानात दडले होते. त्यांना आयरिसबाईंनी मदत केलीच, पण गरीब कुळांनीही जिवावर उदार होऊन आपल्या ताटातले अन्न दिले. जून १९४४ मध्ये लढाई दाराशी आली आणि जर्मन सैन्याने घर सोडावयास लावले, तेव्हा मुलेबाळे, तान्ही अर्भके धरून साठेक माणसे सुरुंग पेरलेल्या रस्त्याने मोंतेपुल्चानोकडे पायी निघाली. तटावरून त्यांना पाहणारे गावकरी खाली सामोरे आले आणि त्यांनी सर्वांना आपापल्या घरी नेले. वीस वर्षांत जमिनीच्या दस्तऐवजाने जे दिले नव्हते, ते त्या एका दिवसाने दिले असे आम्ही मानतो. ही रोजनिशी १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढे कुळे निघून गेली, तीही त्याच दरीतून; त्याविषयी बाईंनी १९७० च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. १९८८ मध्ये त्यांचे देहावसान झाले आणि त्याच दफनभूमीत त्या विसावल्या.

मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटू नये. त्याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ रोजी, शेजारच्या उंब्रिया प्रांतात तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीतून लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये मोंतोने गावाने सूर्यघड्याळ उभारले. त्या खोऱ्यातही आज परदेशी घरमालक आहेत.

आता व्यवहाराकडे वळू. इटलीत खरेदीखत नोटरीपुढे होते. खरेदीदाराला इटालियन येत नसेल, तर दुभाष्या लागतो. शेतजमीन विकावयाची, तर १९६५ व १९७१ च्या कायद्यांनी ती कसणाऱ्या कुळाला, आणि तसे कूळ नसल्यास बांधावरच्या शेतकऱ्याला, पहिला हक्क दिला आहे. त्याला तीस दिवसांची मुदत मिळते. न कळविता व्यवहार झाला, तर नोंदणीपासून वर्षभरात तो त्याच किमतीत जमीन सोडवून घेऊ शकतो. हा कायदा आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. शेजाऱ्याला विचारल्यावाचून गावात पाऊल टाकता येत नाही, हे त्याने कागदावर आणले. दुसरी तरतूदही पाहण्याजोगी आहे. अठरा महिन्यांत त्या नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव नोंदविल्यास पहिल्या घरावरील खरेदीकर २ टक्के, एरवी ९. आणि नाव नोंदविल्यावर पालिकेचा पोलीस दार ठोठावून माणूस खरोखर राहतो की नाही, हे पाहून जातो.

खटके उडतात ते मात्र साध्या गोष्टींवरून. पांढऱ्या मातीच्या रस्त्याची डागडुजी शेजाऱ्यांनी वाटून करावयाची असते. उन्हाळ्यापुरता येणारा घरधनी ‘मी वापरतोच किती?’ म्हणतो. इटालियन दिवाणी संहितेचे ८४२ वे कलम शिकाऱ्याला कुंपण नसलेल्या जमिनीत शिरण्याची मुभा देते. शरद ऋतूत रानडुकरांमागे कुत्री अंगणात येतात, नवा धनी संतापतो आणि फाटक बसवितो. त्या फाटकाने शिकाऱ्यांबरोबर अळंबी शोधणारी शेजारची आजीही अडते. ह्याउलट जो नोव्हेंबरात ऑलिव्ह तोडणीला शेजाऱ्यांबरोबर शिडीवर चढतो आणि रात्री घाण्यावर तेलाची वाट पाहत बसतो, त्याची भाषा मोडकी असली तरी चालते.

दक्षिणेत प्रश्न ह्याहून बिकट आहे. सिसिलीत सालेमी गावाने २००८ मध्ये पडकी घरे एका युरोला देण्याची कल्पना मांडली. सांबुकाने २०१९ मध्ये लिलाव केला. अट अशी, की तीन वर्षांत घर दुरुस्त करावे. पण तेथे राहावे, मुले गावच्या शाळेत घालावीत, अशी अट कोण घालणार? दुरुस्त झालेली कुलूपबंद घरे पडक्या घरांहून बरी दिसतात, एवढेच.

आमच्या पेशामुळे एका गोष्टीकडे आमचे लक्ष गेले. १९८४ च्या करारानंतर इटलीत अनेक लहान धर्मग्राम एकत्र करण्यात आले आणि कितीतरी खेड्यांतील धर्मगुरूंची निवासस्थाने रिकामी झाली. घंटाघराला लागून असलेली अशी घरे आज विक्रीच्या यादीत झळकतात. किमतीच्या खाली खोल्यांची संख्या असते आणि दरीच्या देखाव्याची तारीफ असते. ती विकत घेणारे बहुधा परदेशी असतात. चर्चची किल्ली गावात कोणाकडे ठेवायची, हे त्यांना शेजाऱ्यांनाच विचारावे लागते.