पंच, पाच आणि पन्हे

'नॉन-अल्कोहोलिक फ्रूट पंच' मराठीत कसे आणायचे? 'मद्यविरहित फळपेय' लिहिले की अर्थ पोचतो, पण पेयाची ओळख त्यात जे नाही त्यावरून होते. ताकाला कोणी मद्यविरहित म्हणत नाही. पंचाला ते विशेषण का लागले, हे शोधायला सतराव्या शतकात आपल्याच किनाऱ्यावर यावे लागते.

इंग्रजीत 'पंच' लिखित रूपात आढळतो तो १६३२ सालापासून, ईस्ट इंडिया कंपनीच्या इथल्या नोकरांच्या पत्रव्यवहारात. सहा वर्षांनी जर्मन प्रवासी मांडेल्स्लो सुरतेला इंग्रजांच्या वखारीत उतरला. त्याने 'पालेपुंत्झ' नावाच्या पेयाची नोंद केली: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. फ्रेंच वैद्य बर्निये त्यालाच 'बुलेपाँज' म्हणतो आणि त्यापायी बंगालमध्ये युरोपियांची प्रकृती ढासळते, अशी तक्रार करतो. सर्वांत नेमके लिहिले ते कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने. तो १६७०च्या दशकात गोव्यात होता. नेरूळची माडाची दारू सर्वांत उत्तम, इंग्रज तिचा 'पाँच' करतात आणि हिंदुस्थानी भाषेत पाच हा आकडा म्हणून हे नाव, असे तो सांगतो.

कोशकारांना हे पूर्ण पटलेले नाही. त्या काळी इंग्रज या शब्दाचा उच्चार 'पुंच'च्या जवळपास करीत. जर्मन आजही 'पुन्श' म्हणतात. 'पंच'मधला अकार तिथे कसा पोचला? म्हणून काहींनी हे नाव दारूच्या पिंपाच्या 'पंचन' या शब्दाशी जोडले. मांडेल्स्लोच्या यादीत जिन्नसही चारच भरतात. तरी मला फ्रायरच खरा वाटतो. परभाषेतला शब्द कानाने उचलणाऱ्याकडून स्वरांची शुद्धता कोण मागणार?

आता त्या पाचांतून दारू काढा. आंबट, गोड, पाणी, मसाला उरतो, म्हणजे पानक. सुश्रुतसंहितेत ते आहे. बौद्ध भिक्खूंना दुपारनंतर जेवण वर्ज्य, पण विनयपिटकाने त्यांना आठ पाने मोकळी ठेवली. त्यांत आंबा आहे, जांभूळ आहे, द्राक्ष आहे, फालसाही आहे. मद्य मात्र निषिद्ध. दक्षिणेत रामनवमीला गूळ, सुंठ, मिरी, वेलची घातलेले पानकम् वाटतात. मराठीत त्याच शब्दाचे पन्हे झाले. माझ्या मते फळाचे, लिंबाचे हे पेय आधीचे, आणि दारू ही त्यात पडलेली भर.

पुढचा इतिहास थोडक्यात आटपतो. पंच लंडनला गेला, चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यातून उमरावांच्या मेजावर आला. एकोणिसाव्या शतकात मद्यविरोधी चळवळी उभ्या राहिल्या. अमेरिकी अध्यक्ष हेज यांच्या काळात, १८७७ ते १८८१, व्हाइट हाउसमध्ये दारू बंद होती. त्यांच्या पत्नी ल्यूसी यांना पुढे 'लेमोनेड ल्यूसी' असे टोपणनाव पडले. वाडगा राहिला, दारू गेली, आणि 'नॉन' हे अक्षर मागे चिकटले.

मी भाषांतरात 'फळांचे पन्हे' लिहिते. शंभर टक्के बसत नाही, कारण पन्हे म्हटले की कैरीच डोळ्यांपुढे येते. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हेच तर चालते: कैऱ्या उकडून गर काढायचा, गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, वेलची, चिमूट मीठ, ऐपत असेल तर केशर. गर आदल्या दिवशी करून ठेवायचा. बायका जमतील तसे दोन चमचे पेल्यात, वर माठातले पाणी, शेजारी वाटलेली आंब्याची डाळ.