इशीचे धनुष्य : एका हस्तकौशल्याची साक्ष

शिकारीच्या लाकडी धनुष्यांचा अभ्यास बहुधा संग्रहालयातील नमुन्यांवरून केला जातो. नमुना आकार सांगतो. तो घडविण्यास किती काळ लागला हे सांगत नाही. उत्तर कॅलिफोर्नियातील याही लोकांच्या आखूड धनुष्याबाबत मात्र प्रत्यक्ष कारागिराच्या कृतीची नोंद उपलब्ध आहे. तिचे मोल व मर्यादा पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

१८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या हत्याकांडांत याही लोक जवळजवळ नष्ट झाले. उरलेले मूठभर लोक डियर क्रीकच्या परिसरात सुमारे चाळीस वर्षे लपून राहिले. त्यांच्यातील अखेरचा पुरुष ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल येथे लोकांसमोर आला. त्याने स्वतःचे नाव सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्यास 'इशी', म्हणजे याना भाषेत 'माणूस', म्हटले. मार्च १९१६ मध्ये क्षयाने मृत्यू येईपर्यंत तो सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठीय संग्रहालयाच्या आश्रयास होता. शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून १९१८ साली 'याही आर्चरी' हा प्रबंध प्रसिद्ध केला.

पोप यांच्या वर्णनानुसार धनुष्यासाठी डोंगरी जुनिपरची फांदी चिरून सालीलगतचे बाहेरचे लाकूड घेत. लांबीचे माप शरीरावरूनच ठरे. गारगोटीच्या किंवा ज्वालाकाचेच्या धारेने लाकूड तासून ते वालुकाश्मावर घाशीत. टोके तापलेल्या दगडावर मागे वळवून बांधून ठेवीत आणि धनुष्य अंधाऱ्या, कोरड्या जागी मुरू देत. हा काळ काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत असे. पुढे सामन माशाची कातडी उकळून सरस करीत. हरणाच्या पायातील कंडरा चावून त्यांचे तंतू सुटे करीत व ते पाठीवर दाट बसवून, वाळेपर्यंत वाळुंजाच्या सालीने आवळून ठेवीत. दोरीही कंडरांचीच असे.

हा तंतूंचा थर शोभेसाठी नव्हता. धनुष्य वाकताना त्याच्या पाठीवर ताण येतो आणि पोटाकडे दाब येतो. आखूड धनुष्य लांब ओढले असता नुसत्या लाकडाची पाठ तडकण्याचा संभव असतो. तो ताण कंडरा पेलतात. म्हणूनच इशीचे धनुष्य सुमारे २६ इंच ओढता येई. त्याची ओढ ४५ पौंडांच्या आसपास असून बाण सुमारे २०० यार्ड जाई. प्रत्यक्ष शिकारीत मात्र तो १० ते ५० यार्डांवरूनच नेम धरी. दबा धरून जवळ जाणाऱ्या शिकाऱ्यास झुडपांतून वागविण्याजोगे आखूड शस्त्रच सोयीचे होते.

तथापि ही नोंद विशुद्ध याही परंपरेची मानणे धोक्याचे ठरेल. संग्रहालयात असताना इशी धनुष्यावर लाखेचे रोगण लावीत असे. ते त्याच्या रानातील साधनांपैकी नव्हते. पुढे १९९० च्या दशकात स्टीव्हन शॅकली यांनी इशीने घडविलेली बाणाग्रे शेजारच्या विंटू-नोमलाकी घडणीशी अधिक जुळतात असे दाखविले. त्यावरून काढलेल्या वंशविषयक निष्कर्षाबद्दल मतभेद संभवतात. पण एका माणसाचा हात म्हणजे अखिल जमातीची परंपरा नव्हे, एवढे त्यातून निश्चित होते.

या नोंदीचे खरे मोल तिच्यातील कालमापनात आहे. १९०८ साली भूमापकांच्या एका तुकडीस या लपलेल्या कुटुंबाची वस्ती सापडली व तिने तेथील वस्तू उचलून नेल्या. नेणाऱ्यांच्या लेखी त्या केवळ कुतूहलाच्या वस्तू होत्या. परंतु लाकूड मुरण्यासच जेथे महिने लागत, तेथे अशा अपहाराने माणसांचा पुढील ऋतूंचा निर्वाहच हिरावला जाई. संग्रहालयातील धनुष्याची इंचांत मोजणी करणाऱ्या अभ्यासकाने त्यात साठलेला हा काळही मोजला पाहिजे.