सनद आणि पासपोर्ट

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाबाबत इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७३ मध्ये सनद दिली. बेटावर जन्मणाऱ्यांना इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांसारखेच हक्क राहतील, असे तिचे वचन होते. १९८१ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने ते मोडले. १ जानेवारी १९८३ पासून बेटवासी ‘ब्रिटिश आश्रित प्रदेशांचे नागरिक’ ठरले. पासपोर्ट ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाही. बेटावर विमानतळ नव्हता, कामधंदा जेमतेम. बाहेरची वाट बंद होणे म्हणजे पोटावरच घाला होता.

कायद्याचे समर्थक विचारत, हाँगकाँगच्या सुमारे ५० लाख लोकांना दार उघडले तर देशाला झेपणार कसे? ही चिंता निराधार नव्हती. पण मग पाच-सहा हजार वस्तीच्या सेंट हेलेनाला त्याच कुलुपात का अडकवले? जिब्राल्टरवासीयांना त्याच कायद्यात नोंदणी करून पूर्ण नागरिकत्व घेण्याची सोय होती. फॉकलंडच्या लोकांना १९८२ च्या युद्धानंतर, १९८३ च्या स्वतंत्र कायद्याने ते मिळाले. म्हणजे अपवाद करता येत होता. कोणासाठी करायचा, हे राजकारण ठरवत होते. फॉकलंडमध्ये बहुसंख्य गोरे, तर सेंट हेलेनात गुलाम म्हणून आणलेल्यांचे कितीतरी वंशज. हा फरक निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनकडे गेले, भीतीचे कारण संपले, तरी बेटवासीयांना २१ मे २००२ पर्यंत थांबावे लागले. पूर्ण नागरिकत्व आले ते त्या दिवशी. सायप्रसमधल्या लष्करी तळांपुरतेच नाते असलेल्यांना मात्र तेव्हाही वगळले गेले.