कोतवालाचा हिशेब

घाशीराम सावळदास म्हटले की तेंडुलकरांचे १९७२ चे नाटक आठवते. नाटक थोरच, पण त्याच्या झगमगाटात एक रुक्ष प्रश्न मागे पडला. पुण्याचा हा कोतवाल उत्तरदायी कोणाला होता?

त्याला कोतवाली मिळाली १७७७ मध्ये. पेठांतले तंटे, बाजारभाव, रात्रीची गस्त, तोफ झाल्यावर रस्त्यात सापडणाऱ्यांची धरपकड, सारे कोतवाल चावडीवरून चाले. या कामाला कायदा नव्हता असे मुळीच नाही. कोतवालाला सरकारात हिशेब द्यावा लागे, आणि गुन्हेगारी, म्हणजे दंडाची वसुली, ही सरकारी उत्पन्नाची रीतसर बाब होती. माझ्या मते गोम इथेच आहे. दंड किती जमला हे दप्तर काटेकोर पाही. तो कोणाकडून, कशासाठी उकळला, याची झडती घेणारा स्वतंत्र माणूस त्या व्यवस्थेत दिसत नाही. धरपकड वाढली की जमा वाढे. गाऱ्हाणे न्यायचे नाना फडणिसांकडे. आणि कोतवाल त्यांच्याच मर्जीतला!

१७९१ च्या ऑगस्टअखेर त्याने तेलंगी ब्राह्मणांना चोर ठरवून एका अरुंद खोलीत कोंडले. वीसेक जण गुदमरून मेले. मानाजी फाकड्यांनी कुलूप तोडून उरलेल्यांना बाहेर काढले, तेव्हा बोभाटा झाला. ब्राह्मण खवळून जमले, नानांना घाशीरामाला त्यांच्या हवाली करावे लागले, आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

कोतवाली मात्र मोडली नाही. माणूस बदलला, दंडाची बाब जमेच्या बाजूला तशीच राहिली.